मोफत तपासणीचा खरा लाभार्थी

क्षयरोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. ती स्वतःवर करून घ्यायची वेळ ज्यांच्यावर आलेली नाही, ते तिच्याकडे गोरगरिबांना दिलेली सवलत म्हणून पाहतात. सरकारने भार उचलला, रुग्णाचे पैसे वाचले, हिशेब पूर्ण. माझ्या मते हा हिशेब मुळातच चुकीच्या वहीत मांडलेला आहे. क्षयरोग हवेतून पसरतो. फुफ्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म कण हवेत तरंगू लागतात, आणि खिडकी नसलेल्या खोलीत ते बराच वेळ तसेच राहतात. उपचाराविना राहिलेल्या, बेडक्यात भरपूर जंतू असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के रुग्ण दहा वर्षांत दगावतात. पण दगावण्याआधी ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे लोकांत वावरत असतात. याउलट योग्य औषधे सुरू झाली की काही आठवड्यांतच त्यांच्यापासूनचा संसर्ग झपाट्याने कमी होतो. म्हणून निदान कोणत्या तारखेला झाले याला रुग्णाइतकेच त्याच्या घरातल्या, कारखान्यातल्या आणि लोकलच्या डब्यातल्या माणसांच्या दृष्टीने महत्त्व आहे. तपासणीचा खर्च एका माणसाच्या नावावर पडतो. तिच्यातून वाचणारी माणसे त्याला ओळखतही नाहीत.

ही तारीख आपल्याकडे किती लांबते? भारतातल्या अनेक पाहण्या एकत्र करून २०१४ साली काढलेल्या अंदाजानुसार, लक्षणे सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत साधारण ५५ दिवस जातात. त्यातले साधारण १८ दिवस रुग्ण स्वतः थांबलेला असतो. डॉक्टरकडे पाऊल टाकल्यानंतर निदान होईपर्यंत मात्र ३१ दिवस निघून जातात. म्हणजे ‘लोक अंगावर काढतात’ ही जी ठरलेली तक्रार आहे, ती खरी असली तरी अर्धीच खरी आहे. लोक डॉक्टरकडे जातात. तिथे त्यांना खोकल्याची बाटली मिळते, मग एक प्रतिजैविक, मग दुसरे. ही गोष्ट आजची नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातल्या तुमकूर भागात केलेला अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला. क्षयरोग असलेल्या खेडुतांपैकी बहुतेकांना आपल्याला काहीतरी झाले आहे याची जाणीव होती आणि निम्म्याहून अधिक जण आधुनिक उपचार देणाऱ्या दवाखान्यात जाऊनही आले होते. खेडूत अडाणी आहे, म्हणून येत नाही, हा समज त्या अभ्यासाने मोडीत काढला. तो येत होता आणि तपासणी न होताच परत जात होता. पन्नास वर्षांनंतर मुंबई आणि पाटण्यात संशोधकांनी रुग्णाची भूमिका पढवलेली माणसे खासगी दवाखान्यांत पाठवली. दोन-तीन आठवड्यांचा खोकला आणि ताप, अशी सरळसरळ क्षयरोगाकडे बोट दाखवणारी तक्रार होती. अशा सुमारे अडीच हजार भेटींपैकी केवळ ३५ टक्के भेटींत डॉक्टरांनी योग्य ते केले.

डॉक्टरांना दोष देऊन इथे थांबता येईल, पण त्यामागचे व्यवहार पाहिले पाहिजेत. तपासणीचे पैसे रुग्ण स्वतःच्या खिशातून देतो तेव्हा छोट्या दवाखान्यातला डॉक्टर त्याला सहसा पहिल्या भेटीत महागडी तपासणी सांगत नाही. सांगितली तर तो पुढच्या वेळी दुसरीकडे जाईल, ही भीती असते. दोनशे रुपयांची औषधे लिहून वाट पाहणे दोघांनाही सोयीचे वाटते. आणि तपासणी सांगितली तरी ती बरोबर असेलच असे नाही. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून क्षयरोग ओळखण्याचा दावा करणाऱ्या चाचण्या आपल्याकडे वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. भारतात दरवर्षी अशा सुमारे १५ लाख चाचण्या होत असल्याचा अंदाज होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली त्या वापरूच नयेत असे स्पष्ट सांगितले, कारण त्या निरोग्याला रोगी आणि रोग्याला निरोगी ठरवत होत्या. २०१२ साली भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. इतकी वाईट वस्तू इतकी खपली, कारण तिच्यात विकणारा, करणारा आणि लिहून देणारा अशा प्रत्येकाच्या पदरात काहीतरी पडत होते, आणि ती चांगली की वाईट हे पैसे मोजणाऱ्याला कळायचा कोणताच मार्ग नव्हता. बाजारात वाईट तपासणीला हटवायचे तर नुसत्या बंदीने भागत नाही. चांगली तपासणी तिच्याहून स्वस्त आणि तिच्याइतकीच जवळ असावी लागते.

चांगली तपासणी म्हणजे काय, हे जरा जवळून पाहू. क्षयरोगाच्या तपासणीला लागतो बेडका, म्हणजे छातीतून खोकून काढलेला कफ. नुसती थुंकी दिली तर तिच्यात जंतू सापडण्याची शक्यता फारच कमी. म्हणून प्रशिक्षित कर्मचारी रुग्णाला आधी चूळ भरायला, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायला आणि मग पोटातून खोकायला सांगतो, तेही मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर. सकाळी उठल्या उठल्या काढलेला नमुना सर्वांत चांगला, कारण रात्रभर कफ साठलेला असतो. पूर्वी हा नमुना काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. त्या पद्धतीत एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असतील तरच ते नजरेला पडण्याची खात्री. ज्यांच्यात त्याहून कमी जंतू असतील त्यांचा अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो आणि ते खोकत घरी जातात. जंतूचा जनुकीय भाग शोधणाऱ्या सीबीनाट यंत्राला मात्र शे-दीडशे जंतू पुरतात. नमुन्यात द्रव मिसळून पंधरा मिनिटे ठेवायचे, काडतुसात भरायचे, यंत्रात बसवायचे. साधारण दोन तासांत निकाल, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही त्याच निकालात. याच जातीचे ट्रूनाट हे यंत्र गोव्यातल्या मोलबायो कंपनीने बनवले. ते बॅटरीवर चालते, म्हणून वीज जाणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. मोफत तपासणीविषयी बोलताना कोणती तपासणी मोफत, हा प्रश्न सोडून चालत नाही.

आता मुख्य मुद्दा. मोफत तपासणीने समाजातला रोग खरोखर कमी होतो का, की फक्त कागदावर रुग्ण वाढतात? स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात १९५७ सालच्या मार्च-एप्रिलमध्ये पाच आठवड्यांत सात लाखांहून अधिक लोकांचे छातीचे एक्स-रे काढले गेले. फिरती यंत्रे, छातीवर लावायचे बिल्ले, सोडतीत बक्षिसे, घरोघर जाणारे स्वयंसेवक अशी सगळी तयारी होती, आणि एक्स-रेला पैसे नव्हते. त्या वर्षी रुग्णांची नोंद साहजिकच एकदम वाढली. पुढच्या वर्षापासून ती खाली आली. आधीच्या वर्षांत रोग आपसूक घटत होता, तो भाग वजा करूनही ही घट सुमारे एक तृतीयांश भरते, असे अलीकडच्या विश्लेषणात दिसले. व्हिएतनामच्या दक्षिण टोकाला का मौ नावाचा प्रांत आहे. तिथे २०१४ पासून तीन वर्षे ६० वस्त्यांत कार्यकर्ते दरवर्षी घरोघर गेले आणि पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाकडून, खोकला असो वा नसो, बेडका मागून जनुकीय तपासणी केली. दुसऱ्या ६० वस्त्यांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली. चौथ्या वर्षी दोन्हीकडे पाहणी झाली तेव्हा नेहमीच्या व्यवस्थेतल्या वस्त्यांत लाखामागे २२६ रुग्ण आढळले, तर घरोघर तपासणी झालेल्या वस्त्यांत १२६. रोग जवळपास निम्म्यावर आला. ज्यांनी तीन वर्षांत काहीच मनावर घेतले नव्हते, त्यांचाही त्यात फायदा झाला.

पण याच्या उलट पुरावाही आहे, आणि मला तो जास्त शिकवणारा वाटतो. झांबिया आणि दक्षिण आफ्रिकेत २४ वस्त्यांत झालेल्या ‘झॅमस्टार’ प्रयोगातही तपासणी मोफत होती, चालत जाण्याच्या अंतरावर नमुने घेणारी ठिकाणे होती, शाळांतून आणि वस्त्यांतून प्रचार होता. तीन वर्षांनंतर या उपायाचा रोगाच्या प्रमाणावर काहीही परिणाम दिसला नाही. का मौच्या तुलनेत फरक दोन ठिकाणी होता. एक, तिथे सूक्ष्मदर्शकाची जुनी तपासणी होती. दोन, ज्याला खोकला जाणवेल त्याने स्वतः उठून यायचे होते. मोफत तपासणीची पाटी लावली की काम झाले, असे समजणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा निकाल वाचायला हवा. अर्थात घरोघर जाणे हाच एक मार्ग आहे, असेही नाही. झिंबाब्वेची राजधानी हरारे इथे दर सहा महिन्यांनी एक मोटार भोंगा लावून वस्तीत यायची आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला असणाऱ्यांना बोलवायची. शेजारच्या तुलनेतल्या वस्त्यांत कार्यकर्ते दारोदार जाऊन विचारत. मोटारीला सुमारे दीडपट रुग्ण सापडले. मला यामागे एक कारण दिसते ते असे: घराच्या उंबरठ्यावर, सासूसमोर किंवा घरमालकासमोर ‘मला खोकला आहे’ म्हणणे अवघड, त्यापेक्षा चौकात उभ्या असलेल्या गाडीकडे गुपचूप जाणे सोपे. मुलीचे लग्न, भाड्याची खोली, हॉटेलातली नोकरी यांवर टीबीचे नाव कसे पडते हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. आपल्याकडे आशाताई दारी येते, हे मोठे बळ आहे. तिच्या जोडीला, वस्तीपासून जरा बाजूला असणारी तपासणीची सोय तितकीच लागते.

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या क्षयरोगाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात लक्षणे असलेल्या सुमारे ६४ टक्के लोकांनी कुठेही उपचार घेतले नसल्याचे आढळले. का, असे विचारल्यावर ६८ टक्के म्हणाले की आम्ही दुर्लक्ष केले, १८ टक्क्यांना ही टीबीची लक्षणे आहेत हे कळले नव्हते, १२ टक्क्यांनी स्वतःच औषध घेतले होते. पैसे नव्हते म्हणणारे फक्त २ टक्के. मग पैशांचा अडसर नाहीच, तर मोफत करून काय साधणार? आकडा खरा आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. ‘दुर्लक्ष केले’ या उत्तरात पुष्कळ काही दडलेले असते. ऊस तोडायला आलेल्या जोडप्यातल्या बाईला तीन आठवड्यांचा खोकला आहे. तालुक्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, मुकादमाची परवानगी लागते, लेकरू कोणाकडे ठेवायचे हा प्रश्न असतो, आणि नमुना दिल्यावर निकालासाठी पुन्हा यावे लागेल की काय हे ठाऊक नसते. ती ‘पैसे नव्हते’ म्हणणार नाही. ‘चाललंय तसं चाललंय’ म्हणेल. तपासणीचे शुल्क हा तिच्या खर्चातला सगळ्यात लहान भाग आहे. आफ्रिकेतल्या मलावी देशात रेबेका थॉर्नटन या अर्थतज्ज्ञ संशोधिकेने हेच एचआयव्हीच्या बाबतीत मोजून दाखवले. घरी येऊन मोफत तपासणी केली, निकाल मात्र जवळच्या केंद्रावर जाऊन घ्यायचा होता. काहीच मोबदला नसलेल्यांपैकी ३४ टक्के निकाल घ्यायला आले. दिवसाच्या मजुरीच्या दहाव्या हिश्शाएवढी रक्कम दिली तरी येणारे लक्षणीय वाढले, आणि केंद्र जवळ असेल तिथे अधिक आले. एवढ्या क्षुल्लक पैशांनी किंवा थोड्याशा अंतराने माणूस थांबतो, याचा अर्थ त्याला आपल्या जिवाची पर्वा नाही असा नाही. आज आणि उद्या यांच्या ओढाताणीत आजची गरज जिंकते. आपल्याकडे २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. ही चांगली गोष्ट आहे. पण हे पैसे निदानानंतर सुरू होतात, आणि माणूस हेलपाटे घालून खंगतो तो निदानाच्या आधी. मोफत या शब्दाची हद्द जाण्या-येण्याच्या भाड्यापर्यंत आणि बुडालेल्या मजुरीपर्यंत न्यायला हवी, असे मी म्हणतो ते यासाठी.

दुसरा आक्षेप प्रयोगशाळेतून येतो. सगळ्यांनाच तपासायचे म्हटले तर निरोगी माणसेही रोगी ठरतील. हा आक्षेप बरोबर आहे आणि त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. त्याच सर्वेक्षणानुसार देशात पंधरा वर्षांवरच्या दर लाखामागे फुफ्फुसाच्या क्षयाचे ३१६ रुग्ण आहेत. समजा, लाखभर प्रौढांची सरळ एकच तपासणी केली आणि ती शंभर निरोग्यांपैकी दोघांना चुकून रोगी ठरवते. मग सुमारे दोन हजार निरोगी माणसे ‘पॉझिटिव्ह’ निघतील आणि खरे रुग्ण तीनशेच्या आत. सहा महिन्यांची औषधे अशा लोकांना देणे हा अन्याय होईल. आता आधी छातीचा एक्स-रे काढला आणि त्यात संशयास्पद दिसलेल्या, समजा, पाच हजार जणांचीच जनुकीय तपासणी केली, तर चुकून रोगी ठरणारे शंभराच्या आत येतात आणि बहुतेक खरे रुग्ण हाती लागतात. शंका राहिली तर दुसरा नमुना आणि कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहणे, आहेच. एक्स-रेचे महत्त्व याहूनही मोठे आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी जवळपास ४३ टक्के केवळ एक्स-रेमुळे सापडले. नुसती लक्षणे विचारून थांबले असते, तर ते निसटले असते. खोकला नाही, ताप नाही, कामावर जातो आहे, आणि छातीत रोग आहे. अशा माणसाला स्वतःहून तपासणीला यावे असे कधी वाटणारच नाही. हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे आता वस्तीत नेता येतात. ७ डिसेंबर २०२४ रोजी ३४७ जिल्ह्यांत सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत ती वापरली गेली, ही योग्य दिशा होती.

मोफत तपासणी सरकारी इमारतीत अडकून राहिली तरी तिचा उपयोग निम्माच. शहरातला कष्टकरी खोकला झाला की पहिल्यांदा गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, कारण तो रात्री नऊलाही उघडा असतो. हे ओळखून २०१४ पासून मुंबई, पाटणा आणि मेहसाणा इथे एक वेगळी व्यवस्था करून पाहण्यात आली. खासगी डॉक्टरने संशयिताला व्हाउचर द्यायचे. ते दाखवले की जवळच्या खासगी केंद्रात एक्स-रे आणि सीबीनाट मोफत, निदान झाले तर नेहमीच्या औषधाच्या दुकानातून औषधेही मोफत. पैसे मागाहून योजनेतून चुकते होत. खासगी क्षेत्रातून होणारी रुग्णांची नोंद या शहरांत पुष्कळ वाढली आणि पुढे हाच साचा देशभर इतरत्र नेला गेला. मला यातली खरी करामत अशी वाटते की डॉक्टरचा रुग्ण तुटत नाही. ‘सरकारीत जा’ म्हटले की रुग्ण हातचा गेला, ही भीती उरत नाही, आणि पहिल्याच भेटीत चांगली तपासणी सांगायला त्याची हरकत राहत नाही. वर ज्या ३१ दिवसांचा उल्लेख केला, ते कमी होण्याची जागा हीच आहे. खासगी धंद्याला सरकारी पैसा का द्यायचा, असे काही जण विचारतात. पैसा मुख्यतः रुग्णाच्या तपासणीला जातो. आणि जिथे रुग्ण आहे तिथे तपासणी नेली नाही, तर सरकारी केंद्रातले यंत्र दुपारनंतर रिकामे पडून राहते.

एका अटीवर मात्र तडजोड नाही. तपासणीच्या पाठोपाठ औषध हातात पडले पाहिजे. २०२४ च्या सुरुवातीला देशात क्षयरोगाच्या औषधांचा तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना औषधे स्थानिक पातळीवर विकत घ्यायला सांगितले. अशा वेळी रुग्ण शोधत हिंडणे म्हणजे त्याला आजाराचे नाव देऊन दारात उभे करणे. ग्लासगोत एक्स-रेच्या गाड्या निघाल्या तेव्हा परिणामकारक औषधे उपलब्ध झालेली होती, म्हणून त्या मोहिमेला अर्थ आला. त्याच्या वीस वर्षे आधी तीच मोहीम काढली असती तर फक्त याद्या तयार झाल्या असत्या.

खर्चाचा प्रश्न शेवटी येतोच. सीबीनाटच्या एका काडतुसाची विकसनशील देशांसाठीची किंमत २०१२ साली सुमारे १० डॉलरवर आली आणि २०२३ साली सुमारे ८ डॉलरवर. कर्मचारी, वाहतूक, यंत्राची देखभाल वेगळी. हा खर्च वाटतो तितका मोठा नाही, कारण एका रुग्णाच्या उशिरा झालेल्या निदानातून उभे राहणारे पुढचे रुग्ण, आणि त्यांतला एखादा औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा, यांचा खर्च त्याच्या कित्येक पट असतो. अडचण हिशेबाच्या काळाची आहे. देशातल्या पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात हा जंतू सुप्त अवस्थेत आहे. त्यांतल्या काहींना रोग आज होईल, काहींना वीस वर्षांनी. आज रोखलेल्या संसर्गाचा फायदा एका आर्थिक वर्षात दिसत नाही. का मौमध्ये तीन वर्षे सलग काम झाले, तेव्हा फरक दिसला. शंभर दिवसांची मोहीम चांगली सुरुवात आहे, पण ती दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी त्याच वस्त्यांत परत आली तरच हा पुरावा आपल्याला लागू पडतो. आणि परत आल्यावर असे होईल: पहिल्या वर्षी हजारामागे जितके रुग्ण सापडले, त्याहून तिसऱ्या वर्षी कितीतरी कमी सापडतील. सापडलेल्या प्रत्येक रुग्णामागचा खर्च वाढलेला दिसेल आणि कोणीतरी फाइलवर लिहील की आता हे परवडत नाही. त्या टेबलामागे बसलेल्या माणसापुढे का मौचे २२६ आणि १२६ हे दोन आकडे ठेवले पाहिजेत, कारण तिथेही तिसऱ्या फेरीत कमी रुग्ण सापडत गेले ते रोगच हटत चालला होता म्हणून.